डिंकावर चढलेला हिरवा

मोठ्या ईदच्या दिवशी असवानमधली सगळी माणसं खाटकाकडे मांडी, बरगड्या, कलेजी मागायला जातात. इन्शिराह वासराच्या गळ्यातली ग्रंथी मागायला जायची. पहिल्या वर्षी खाटकाने सुरी खाली ठेवली, तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "दोक्तोरा, हे आम्ही मांजरांपुढे टाकतो. घरी कोण एवढे नावडते पाहुणे यायचेत?" दोक्तोरा म्हणजे डॉक्टरीणबाई. ती अजून झाली नव्हती, पण आमच्याकडे पांढरा कोट दिसला की लोक जिभेने उदार होतात. पुढे दर वर्षी तो पिशवी न मागता बाजूला ठेवायचा आणि "यंदा तरी झालीस का?" असं विचारायचा.

त्या ग्रंथीत डीएनए ठासून भरलेला असतो. विकतचा डीएनए परदेशातून बर्फात निघतो आणि आमच्यापर्यंत पोचताना त्याचा रस्सा होतो, म्हणून इन्शिराह तो स्वतः काढायची. ग्रंथी वाटायची, मीठ घालायचं, गाळायचं, वरून गार अल्कोहोल सोडायचं आणि काचेच्या कांडीवर पांढरी तार गुंडाळून घ्यायची, पाक झाला का बघावं तशी. ती तार बफरमध्ये, म्हणजे मोजून क्षार घातलेल्या पाण्यात, विरघळवून जाड काचेच्या एका बाटलीत भरली की वर्षाची बेगमी झाली.

रंग मात्र तिचा स्वतःचा होता, तिच्याच चंबूत जन्मलेला. सायनाइन जातीचा, दौतीतल्या शाईसारखा निळा. त्याचा स्वभाव माणसासारखा, म्हणजे एकट्याने बरा आणि घोळक्यात काय करील याचा नेम नाही. एकेकटा कण मोकळा असला की दिव्याखाली लाल चमकायचा. डीएनएच्या पिळाला एक अरुंद खोबण असते, तिच्यात हे कण जोडीजोडीने शिरत, एकमेकांच्या अंगाला अंग चिकटवून बसत, आणि बसले की विझत. निळ्याचं जांभळं व्हायचं आणि चमक जायची. "आपल्याकडच्या लग्नासारखं," प्रयोगशाळेतले म्हातारे कामगार महजूब म्हणायचे.

हे जांभळं तिच्या प्रबंधाच्या पहिल्या चार प्रकरणांत होतं. ते खरं होतं, नेटकं होतं आणि कुणालाच त्याचं विशेष वाटत नव्हतं, कारण असलं जांभळं इतरांनी आधी पाहिलं होतं. नाव झालं ते पाचव्या प्रकरणाचं. रंग आणखी थोडा वाढवला की पाणी एकाएकी हिरवं व्हायचं, आणि गेलेली चमक परत यायची, जास्तच धारदार होऊन. आलेखावर एक निमुळतं शिखर उभं राहायचं. त्याचा अर्थ असा, की कण आता जोड्यांत बसलेले नाहीत. भट्टीवाल्याच्या फळीवर भाकऱ्या एकीला एक टेकवून कलत्या लावाव्यात तशा त्यांच्या हजारोंच्या रांगा लागल्यात, डीएनएच्या अंगाअंगाने. तिच्या रंगाच्या जातकुळीत अशी रांग कुणी पाहिली नव्हती. डीएनए नसलेल्या नुसत्या बफरमध्ये तोच रंग टाकला तर निळा तो निळाच राहायचा, हे तिने शंभर वेळा तपासलं होतं. तिचे मार्गदर्शक प्रोफेसर रिफअत ते शिखर घेऊन दोन परिषदांना जाऊन आले होते आणि तिथे त्याला "माझं शिखर" म्हणाले होते.

जूनच्या अकरा तारखेला तिची तोंडी परीक्षा ठरली. नऊ वर्षांची मुदत तीसला संपत होती. मुदत संपली की नाव कापतात आणि शिकवणाऱ्या बाईची कारकून करतात. तसा नियमच आहे. तिची वर्गमैत्रीण फातिन चौथ्या वर्षीच गळाली होती आणि आता नोंदणी विभागात शिक्के मारायची. जिन्यात भेटली की म्हणायची, "खिडकीजवळची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवलीय हं. उगाच घाई करू नकोस."

परीक्षेच्या आठवडाभर आधी अलेक्झांड्रियाहून बाहेरच्या परीक्षक डॉक्टर कौसर यांचं पत्र आलं. प्रबंध आवडला. एकच विनंती: मी माझ्याकडचा विकतचा डीएनए कुपीतून बरोबर आणते आहे, तो हिरवा रंग माझ्या डोळ्यांदेखत दाखवावा.

इन्शिराहला यात घाबरण्यासारखं काही वाटलं नाही. तालीम म्हणून तिने इस्पितळातल्या मैत्रिणीकडून तसल्याच विकतच्या डीएनएची चिमूटभर पूड मागून आणली आणि सोमवारी सकाळी, उन्हं अजून खिडकीपर्यंत चढली नव्हती तेव्हा, ती बफरमध्ये विरघळवली. रंगाचा थेंब टाकला. निळ्याचं जांभळं झालं. आणखी टाकला. गडद जांभळं. आणखी टाकला. आता ते वांग्याच्या सालीसारखं दिसायला लागलं, पण हिरवं काही होईना.

तिने नळी धुतली, पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग शीतकपाटातून आपली जाड बाटली काढली, तिच्यातलं पाणी घेतलं, रंग टाकला. एका क्षणात हिरवं, पोपटाच्या पाठीसारखं.

तिने बाटली उजेडासमोर धरली आणि पहिल्यांदाच, चार वर्षांत पहिल्यांदाच, आतून बुचाकडे पाहिलं. बुचाच्या कडेने डिंकात भिजवलेला दोरा घट्ट गुंडाळलेला होता. तो ओलीने फुगला होता, आत लोंबत होता, आणि त्याच्या टोकाला एक थेंब लटकत होता, मधासारखा.

"चहा नाही, करकदे आणलाय," दारातून महजूब म्हणाले. हातात जास्वंदीच्या लालभडक सरबताचा पेला होता. "गार आहे. वीज जायच्या आत पी. असं भूत बघितल्यासारखं काय बघतेस?"

"अम्म महजूब," ती म्हणाली. वडीलधाऱ्याला आम्ही अम्म म्हणतो, काका. "तुमचा डिंकाचा डबा आहे का हाताशी?"

"डबा नसेल तर मी आहे कशाला?" त्यांनी कोटाच्या खिशातून पत्र्याचा डबा काढला. "खरा सुदानी, कुर्दुफानचा. माझ्या मेहुण्याने पाठवला. बाजारातला नव्हे, बाजारातल्यात निम्मी वाळू. काय चिकटवायचंय?"

"काही नाही. बसा."

तिने बाभळीच्या डिंकाचा बारीक खडा नव्या, कोऱ्या बफरमध्ये टाकला. त्यात डीएनए नव्हता. वासरू नव्हतं, ग्रंथी नव्हती, ईद नव्हती. खडा विरघळेपर्यंत ती हलवत राहिली. महजूब स्टुलावर बसून आपल्या निवृत्तीचं बोलत होते: तीन महिने राहिले, आवारातली खोली तोवर आहे, मग देव देईल. तिने रंगाचा थेंब सोडला.

इतका सुंदर हिरवा तिने नऊ वर्षांत पाहिला नव्हता.

"आला!" महजूब उठून उभे राहिले. "आला की हिरवा! मबरूक, पोरी! मी म्हटलं नव्हतं? आता त्या अलेक्झांड्रियावालीला म्हणावं, ये, चष्मा पुसून ये!"

"हो," इन्शिराह म्हणाली. "आला."

रंगाला कुणाच्या तरी अंगावर रांग लावायची होती. अंगावर ऋण विद्युतभार असलेली कुठलीही लांबलचक साखळी त्याला चालत होती. डीएनएची असो, नाहीतर बाभळीच्या चिकाची. तिच्या रंगाने चार वर्षं डिंकाशी संसार केला होता आणि तिने तो डीएनएच्या नावावर लिहिला होता. आणि शंभर वेळा तपासलेलं ते नुसतं बफर? ते यायचं रोज उघडायच्या बाटलीतून. रोज उघडायच्या बाटलीच्या बुचाला डिंक कोण लावतो?

चार वर्षांपूर्वीच्या जूनमधली ती दुपार तिला अक्षरन् अक्षर आठवत होती. वीज तासातासाला जात होती. शीतकपाट घामाघूम व्हायचं, बुचाभोवती गुंडाळायची मेणाची पट्टी ढिली पडून सरकायची, आणि वर्षाचा डीएनए हवा खायचा. ती चिडून म्हणाली होती, "अम्म, तुम्ही मुरंब्याच्या बरण्या डिंकाने बंद करता ना? तसं करा याला." महजूबनी डोकं खाजवलं होतं. "पोरी, मुरंब्याची गोष्ट वेगळी. हे तुमचं औषधपाणी. प्रोफेसरसाहेबांना विचारलेलं बरं." आणि ती म्हणाली होती, "डिंक म्हणजे साखरेचाच भाऊ. त्याने काय होतंय? लावा तुम्ही."

त्यांनी लावला. मनापासून लावला. पुढे दर वर्षी नव्या बाटलीला, न सांगता, दुहेरी दोरा.

प्रोफेसर रिफअत आपल्या खोलीत काकडी चिरत होते. दुपारी बारा वाजता ते काकडी खात. उन्हाळ्यात माणसाने याहून जास्त काम करू नये असं त्यांचं मत होतं.

"सर, पाचवं प्रकरण चुकलंय."

"किती?"

"सगळं."

त्यांनी काकडीवर मीठ भुरभुरलं. तिने बाटली, बूच, डिंक, हिरवा सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, जणू दुसऱ्या कुणाच्या खात्यातली गोष्ट चाललीय.

"कौसर कधी येतेय?"

"बुधवारी सकाळच्या गाडीने."

"म्हणजे दोन दिवस आहेत. दोन दिवसांत लोक राज्यं उलथवतात. लपवता येणार नाही, ती कुपी घेऊन येतेय. त्या बाईला नवऱ्याच्या चहातही भेसळ दिसते." त्यांनी एक फोड तिच्यासमोर सरकवली. "खा. आता ऐक. चोर सापडायच्या आधी जो ओरडतो, त्याला लोक पोलीस समजतात. तूच उठायचं आणि तूच सांगायचं."

"सांगते. मलाही तेच वाटत होतं."

"घाई करू नकोस. सांगितलंस की पहिला प्रश्न येणार, चूक कुणाची? चुकीला नाव लागतं. संशोधकाची चूक असेल तर प्रबंध परत, सहा महिन्यांनी पुन्हा या. तुझ्याकडे सहा महिने आहेत?"

"परीक्षेनंतर एकोणीस दिवस."

"सामानात दुसऱ्या कुणी घाण केली असेल, आणि संशोधकाने ती स्वतः पकडली असेल, तर ते प्रकरण गाळायचं आणि पदवी पदरात. वर शाबासकी. नियम मी केलेला नाही."

"सर, डिंक लावायला मीच सांगितलं होतं."

रिफअतनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तू आत्ता काही बोललीस का? या एसीचा आवाज फार होतो. दुरुस्तीला सांगायला हवं."

एसी तसा गप्पच होता. वीज गेलेली होती.

"त्यांचं काय होईल?" तिने विचारलं.

"काय व्हायचंय? चौकशी. दोन कागद इकडून तिकडे, दोन तिकडून इकडे. फार तर आवारातली खोली तीन महिने आधी सोडावी लागेल. नावेने पलीकडे गेलं की बहिणीचं घर आहे ना त्याच्या? हवेशीर गाव. मला तर हेवाच वाटतो."

महजूबची बायको रौदा सहा वर्षं नदीच्या पायऱ्या उतरली नव्हती. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. हे प्रोफेसरना माहीत नव्हतं. इन्शिराहला माहीत होतं, कारण त्या बाईच्या हातची मुलुखियाची भाजी तिने नऊ वर्षं खाल्ली होती.

"तुम्ही दोन परिषदांना ते शिखर दाखवलंत, सर."

"हो ना," रिफअत दुःखाने म्हणाले. "बघ, त्याने मलाही फसवलं."

तिने टेबलावरची काकडीची फोड उचलली आणि खाल्ली. नको म्हणायला हवं होतं, हे तिला जिन्यात आल्यावर सुचलं.

मंगळवारी ती महजूबना तीन वेळा भेटली. पहिल्यांदा सांगायचं ठरवून गेली आणि चहा मागून परत आली. दुसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "उद्या मी पांढरी गलाबिया घालू की करडी? मागच्या ओळीत का असेना, पण तुझ्या आईने मला घरच्यांत बस म्हणून सांगितलंय." ती म्हणाली, "पांढरी." तिसऱ्यांदा तिने काही ठरवलंच नाही, त्यामुळे ती भेट सगळ्यात सोपी गेली.

तोंडी परीक्षा आमच्याकडे लग्नासारखी असते. फरक इतकाच की नवरी उभी राहून उत्तरं देते. सभागृह दहालाच भरलं. दाराबाहेर इन्शिराहच्या फोटोचा फलक, पुढच्या ओळीत तिची आई हाज्जा बदीआ, शेजारी चार मावश्या, प्रत्येकीच्या मांडीवर बस्बूशाच्या गोड वड्यांचं ताट. परीक्षकांसाठी घरी भरलेली बदकं शिजत होती, आणि अलेक्झांड्रियाच्या बाईंना बदक चालतं का यावर मावश्यांत सकाळपासून दोन तट पडले होते. कोपऱ्यात, सरबताच्या टेबलाशी, पांढऱ्या गलाबियात महजूब उभे होते. त्यांना बसायला सांगितलं होतं, पण पेले कोण भरणार म्हणून ते उभे राहिले होते.

डॉक्टर कौसर उंच, किरकोळ अंगाच्या बाई. त्यांनी पर्समधून कुपी काढून टेबलावर ठेवली, बंदूक ठेवावी तशी.

इन्शिराहने पहिली चार प्रकरणं सांगितली. आवाज स्वच्छ होता. मग ती थांबली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "पाचवं प्रकरण मी मागे घेते आहे."

सभागृहात कुजबूज झाली. हाज्जा बदीआने शेजारच्या बहिणीला विचारलं, "काय घेतेय ती?" "मागे," बहीण म्हणाली. "म्हणजे संपलं बहुतेक."

इन्शिराहने सगळं सांगितलं, एका दमात: बाटली, दोरा, ओल, डिंक. नुसत्या डिंकावर आलेला हिरवा तिने नळीत घालून आणला होता. ती नळी तिने डॉक्टर कौसरना दिली. त्यांनी ती खिडकीशी धरून खूप वेळ पाहिली.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "खोटं आहे, पण सुंदर आहे. बुचाला डिंक लावला कुणी?"

"प्रयोगशाळेतल्या कामगाराने."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

इन्शिराहने समोरची पानं सरळ केली.

"त्याच्या स्वतःच्या मनाने," इन्शिराह म्हणाली. "मला कल्पना नव्हती."

कोपऱ्यात पेल्यावर पेला वाजला. "पण पोरी," महजूब म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. घाईत कुणी किल्ली विसरून चाललं असेल आणि आपण ती आठवण करून द्यावी, तसं म्हणाले. "पोरी, तूच नाही का म्हणालीस, मुरंब्याच्या बरणीसारखं लाव? मी म्हटलं, साहेबांना विचारू. तू म्हणालीस, साखरेचाच भाऊ."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. रिफअतनी ध्वनिक्षेपक आपल्याकडे ओढला. "अम्म महजूब," ते गोड आवाजात म्हणाले, "तुम्हीही डॉक्टरेटला बसलाय का? आम्हाला कळवायचं तरी. थांबा, यांचं होऊ द्या, मग तुमचा मुरंबा तपासतो."

सभागृह हसलं. आधी पुढच्या ओळी, मग विद्यार्थी, मग सगळेच. हाज्जा बदीआला विनोद कळला नव्हता. पण एवढे शिकलेले लोक हसताहेत म्हणजे पोरीचं काही बिघडलेलं नाही, एवढं तिला कळलं, आणि सुटकेने ती सगळ्यांत मोठ्याने हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

महजूबही थोडेसे हसले. इतक्या लोकांत एकट्यानेच न हसणं त्यांना बरं दिसलं नसावं.

इन्शिराह हसली नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ती हसली. ओठ मिटून, पण हसली. आणि डॉक्टर कौसर, ज्यांना नवऱ्याच्या चहातही भेसळ दिसायची, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. उमेदवाराने स्वतः मांडलेल्या कबुलीत आणखी काय मिसळलेलं असणार?

अर्ध्या तासाने निकाल वाचला गेला. पाचवं प्रकरण वगळून पदवी द्यावी, अशी एकमताने शिफारस. त्यावर डॉक्टर कौसरनी आपल्याकडून चार वाक्यं जोडली: तीस वर्षांत मी कितीतरी प्रबंध वाचले; आपली सगळ्यात देखणी गोष्ट स्वतःच्या हाताने मोडणारी उमेदवार पहिल्यांदा पाहिली. रंगद्रव्यं पुष्कळ मिळतात. सचोटी मिळत नाही.

मावश्यांनी जिभा नाचवत झगारीदचा असा गजर केला की कुपी टेबलावर थरथरली. रिफअतनी इन्शिराहच्या खांद्यावर काळा झगा घातला. फोटो निघाले. सरबत वाटायला कुणी दिसेना, तेव्हा फातिननेच पेले उचलले आणि इन्शिराहच्या हातात एक देत म्हणाली, "चला, खुर्ची वाचली. म्हातारा कुठे गेला?"

"असेल इथेच," इन्शिराह म्हणाली.

दहा दिवसांनी कायदा विभागातून तिला बोलावणं आलं. तिथले अधिकारी उस्ताद वगीह सभ्य गृहस्थ होते. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची रुमालाने पुसली. पलीकडे व्हरांड्यातल्या बाकावर महजूब बसले होते. ती त्यांच्याकडे न बघता आत गेली होती, पण न बघायलाही कुठे बघायचं नाही हे आधी माहीत असावं लागतं.

"मबरूक, दोक्तोरा. दोनच मिनिटं." वगीहनी कागद ओढला. "कामगार महजूब यांनी परवानगीवाचून संशोधनाच्या साहित्यात बाह्य पदार्थ मिसळला. बरोबर?"

"मिसळला नाही. लावला. बुचाला."

"'लावला' लिहिलं तर वरचे लोक विचारतील, लावला तर काय बिघडलं. 'मिसळला' राहू दे." ते लिहीत गेले. "तुम्ही त्यांना कधी मनाई केली होती?"

हा प्रश्न तिला कुणी शिकवला नव्हता. रिफअत इथे नव्हते, कौसर नव्हत्या, आई नव्हती. नाही म्हटलं असतं तरी तिची पदवी कुठे जाणार नव्हती. ती छापायला गेली होती.

"केली होती," ती म्हणाली.

"किती वेळा?"

तिने विचार केला. एकदा म्हटलं तर विसरले असतील असं म्हणतील. पाच वेळा म्हटलं तर तुम्ही तक्रार का नाही केली म्हणतील.

"तीन वेळा."

"लेखी की तोंडी?"

"तोंडी."

"छान." वगीहनी कागद तिच्यासमोर फिरवला. "इथे सही. नावाच्या आधी आता 'डॉक्टर' लिहायचं हं, विसरू नका. लोक पहिल्या महिन्यात विसरतात."

ती विसरली नाही.

बाहेर आली तेव्हा महजूब उठून उभे राहिले. पांढरी गलाबिया तीच होती, धुतलेली. त्यांनी तिला वाटेत अडवलं नाही, फक्त ऐकू जाईल इतपत जवळ आले.

"पोरी, मी रौदाला सांगितलं, त्या दिवशी इतक्या माणसांत ती गांगरली असेल. चार वर्षांची गोष्ट, कुणाला आठवणार? मला राग नाही. रौदाला आहे थोडा, पण ती बाईमाणूस, निवेल. खोली सोडायला सांगतायत म्हणून तिचा जीव घाबरा झालाय." त्यांनी दाराकडे पाहिलं. "आज आत सांगितलंस ना? सगळं आठवलं तसं?"

"सांगितलं, अम्म."

"बघ!" त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मी म्हटलंच होतं. मग मला काय विचारतील आता?"

"विशेष काही नाही. दोनच मिनिटं लागतात." तिने त्यांच्या खांद्यावर पडलेला दोऱ्याचा तुकडा झटकला. "तुम्ही आपलं खरं तेच सांगा, म्हणजे झालं."

आतून वगीहनी नाव पुकारलं. महजूबनी गलाबिया नीट केली, घसा साफ केला आणि निर्धास्तपणे आत गेले.